परतीचं दही

माझ्या धाकट्या दिराच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्या दिवशी सकाळी घरातून निघताना मी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. एवढाच माझा पराक्रम. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आदल्या भेटीत प्रत्येकानं मला बजावलं होतं, रात्रीच्या जेवणानंतर त्याच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही. प्रत्येकापुढे मी मान हलवली होती. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार. घरी येऊन डबे वरच्या फळीवर चढवले, केळी शेजारी देऊन टाकली, बिस्किटांचा पुडा माझ्या चांगल्या साड्यांच्या खाली लपवला. एवढा बंदोबस्त केला, आणि सकाळी चपला पायात घातल्यावर वाटीतलं दही त्याच्या हातावर घातलं, वर चिमूटभर साखर. त्यानं चाटून साफ केलं, हात माझ्याच पदराला पुसला, आणि आम्ही सिंदीच्या स्टेशनावर गाडी पकडायला निघालो.

दही-साखर म्हणजे खाणं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो शकुन. आमच्या घरून कोणी परीक्षेला निघो, मुलगी पाहायला निघो, की कोर्टाच्या तारखेला; उंबरठ्याशी वाटी घेऊन उभं राहणं हे घरच्या सुनेचं काम. हातावर दही घालायचं आणि ‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणवून घ्यायचं. सासूबाई गेल्यावर मी ते काम इतक्या कडकपणे चालवलं की माझी पोरं नुसतं वाण्याकडे जातानासुद्धा मागच्या दारानं पळत. देवाचं तीर्थ घेतलं म्हणून कोणाचा उपास मोडतो का? तसंच हे, असा माझा हिशोब. त्या वेळी मी पन्नाशीची होते. सगळं आपल्यालाच कळतं अशा तोऱ्यात वावरणारी, कमरेला किल्ल्या खोचलेली बाई. आज ती समोर आली तर तिचा कान धरीन म्हणते. अर्थात तीही माझा धरील, आणि तिची पकड माझ्यापेक्षा चांगली होती.

हा दीर कोण, ते आधी सांगते. मी लग्न होऊन सिंदीत आले तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा असेल. गोल चेहरा, बारीक तिरपे डोळे, आखूड बोटं, आणि तोंडात मावत नसल्यासारखी जीभ. गावात त्याला भोळा म्हणत. त्याच्या असण्याला डॉक्टरांकडे एक नाव आहे, डाउन सिंड्रोम, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर कोणी विचारलंच तर सासूबाईंचं उत्तर तयार असे, “बाकीचे देवानं घाईत केले. ह्याले सावकाश केला.”

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, “लहान असला तरी दीर हाय तुहा. भाऊजी म्हनाचं.” मग मी काय करणार? डोक्यावर पदर सावरून म्हणायची, “भाऊजी, शेंबूड पुसा.” त्याला ते इतकं आवडलं की पुढे जन्मभर त्यानं माझ्याकडून दुसरी हाक ऐकूनच घेतली नाही. गाव त्याला काहीही म्हणो, मी ‘भाऊजी’ म्हटलं तरच तो ओ देई. मी त्याला अहो-जाहो करायची आणि तो मला सरळ ‘वयनी, तू’. मान कोणाचा जास्त होता ते यावरून समजून घ्या.

आमचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान. सरकी भरलेल्या पोत्याचं तोंड दाभणानं शिवणं हे भाऊजींचं काम, आणि त्यात त्यांना कोणी हात लावलेला चालत नसे. पण खरी नोकरी संध्याकाळची. स्टेशनाच्या अलीकडे रुळांना तारेचं कुंपण आहे, तिथे हिरवा हातरुमाल घेऊन ते उभे राहत. गाडी आली की शेवटच्या डब्यातला गार्ड हिरवी झेंडी दाखवत जाई, आणि भाऊजी त्याला रुमाल दाखवत. पुष्कळ गार्डांच्या ओळखीचे झाले होते ते. काही जण मुद्दाम दाराशी येऊन झेंडी दोनदा हलवत. गाडी गेली की रुमालाची घडी खिशात, आणि घरी येऊन मला जाहीर करायचं, “वयनी, सोडली.” म्हणजे गाडी त्यांनी सोडली. त्यांनी सोडली नसती तर नागपूर-वर्धा लाइन बंदच पडली असती.

मग हळूहळू पोत्यांचे टाके वाकडे पडायला लागले. दाभण बोटात जाऊ लागलं. एकदा पोतं उसवून सरकी रस्ताभर झाली, तेव्हा मी गिऱ्हाइकांसमोर बोलले त्यांना, “भाऊजी, आळस भरला तुमच्या अंगात.” ते खाली बसून सरकी चाचपत गोळा करत राहिले. चाचपत! आणि माझ्या तोंडावर डोळे असून मला ते दिसलं नाही. कुंपणाशी रुमाल हलायचा, पण गाडी निघून गेल्यावर. गार्डचा हात हवेत असे तेव्हा भाऊजींचा खिशात; भाऊजींचा हवेत जाई तेव्हा रुळांवर काहीच उरलेलं नसे. मी मनात म्हटलं, वय झालं, मंद होत चालला बिचारा. काय पण अक्कल!

शेवटी ते कुंपणाशी जायचेच थांबले.

“कुठं गेलते भाऊजी आज? कुंपनाशी नाई दिसले.”

“गेलतोच नाई.”

“काऊन?”

“गार्ड येतच नाई वयनी आता. गाडी येते. गार्ड नाई येत.”

हे वाक्य मला घरभर चावत फिरलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. अशा माणसांना लवकर होतो म्हणाले. आपल्यासारख्याला नुसते थेंब टाकून, जागेपणी काढतात. पण डोळ्याजवळ कोणाचा हात आला तर भाऊजी स्वस्थ पडून राहणारे नव्हते. त्यांना पूर्ण भूल द्यावी लागणार, आणि ती देणं सोपं नव्हतं. मान नाजूक, जीभ मोठी, श्वासाची वाट अरुंद. म्हणून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

घरी यावर दोन मतं पडली. एका चुलत सासऱ्यांनी विचारलं, “त्याले काय पेपर वाचाचा हाय?” त्यांना मी चहा दिला, बिनसाखरेचा. पण आमच्या ह्यांना नुसता चहा देऊन भागणार नव्हतं. हे म्हणाले, “भुलीतून उठला नाई तं? आंधळा असला तरी घरात तं हाय.” सासूबाईंनी जाताना धाकट्याचा हात ह्यांच्या हातात नव्हता दिला, माझ्या हातात दिला होता. त्या जोरावर मी ठरवलं. ठरवलं खरं, पण ह्यांचं ते ‘उठला नाई तं’ माझ्याही उशाशी येऊन बसलं होतं.

आता त्या दही-साखरेच्या सकाळकडे येते. दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मेवाल्या, कारंज्याकडच्या. मोठ्या डॉक्टर असून आपल्यासारखं बोलत. त्यांची एक खोड मला पहिल्या भेटीपासून खटकत होती. त्या मला काही विचारत, माझं उत्तर ऐकून घेत, आणि मग तेच भाऊजींना पुन्हा विचारत. मी सांगितलं तेवढं पुरत नाही का यांना? चाळीस वर्षांच्या माणसाची सगळी उत्तरं मीच देत आले होते. त्यांना भूक लागली की नाही हेसुद्धा मीच सांगायची.

“सकाळपासून काही खाल्लं?”

“निरंकार उपाशी हायेत,” मी म्हटलं.

त्या भाऊजींकडे वळल्या. “तुम्ही सांगा. काय खाल्लं?”

भाऊजींनी तळहात पुढे केला. “दही.”

“काहीतरीच! जुनं आठवते त्यांले,” मी हसून म्हटलं.

“साखर बी,” भाऊजी म्हणाले, आणि डॉक्टरांना नीट समजावं म्हणून रिकामा तळहात चाटून दाखवला. “वयनीनं देल्ली.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला बाजूला घेतलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, भूल दिली की गिळण्यावर ताबा राहत नाही. पोटातलं वर येतं, ते श्वासाच्या नळीत गेलं तर... मी तेव्हा काय म्हणाले असेन? “पण तो शकुन होता, डॉक्टर.” खरंच म्हणाले हो. देवाशपथ.

“काकू,” त्या म्हणाल्या, “पोटाले शकुन समजत नाही.”

ऑपरेशन पुढे ढकललं. मला विचारलं होतं आणि मी चुकीचं सांगितलं होतं, तेही खात्रीनं. ज्याचं उत्तर मी कधी मोजत नव्हते त्यानं खरं सांगून स्वतःला वाचवलं होतं. परतीच्या गाडीत भाऊजी खुशीत, एका दिवसात दोनदा गाडी आणि वर दही. आमचे हे खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “पुरे आता. नशिबात नाई त्याच्या.” मी मोरीत तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. माझ्या एका चमच्यानं ह्यांच्या भीतीला बळ आलं होतं. आता ह्यांनी खरोखरच नाही म्हटलं, तर भाऊजींचा उरलेला जन्म गार्ड न येणाऱ्या गाड्या ऐकण्यात जाणार होता.

म्हणून चार दिवसांनी ह्यांना न सांगता मी भाऊजींना घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहिले. माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, “दही बंद नका करू काकू. फक्त परत आल्यावर द्या. निघायचा शकुन असते, तसा घरी पोचायचा करा.” मग त्यांनी बरंच काही विचारलं, आणि या वेळी मी दर प्रश्नाला आधी भाऊजींकडे बघायला शिकले. त्यांना कोणत्या नावानं हाक मारलेली आवडते? हातात काय असलं की बरं वाटतं? सुईला भितात का? आणि दुखलं तर कसं कळतं? भाऊजी दुखलं म्हणून कधी सांगत नसत. याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. दुखलं की ते रुमालाची घडी घालत, पुन्हा घडी, पुन्हा घडी, अगदी सुपारीएवढी होईपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

जाताना त्यांनी भुलीचा एक रिकामा मास्क भाऊजींच्या हातात दिला. घरी खेळा, फुगा फुगवल्यासारखं यात फुंका, सवय करा. मग काय विचारता! आमच्या दुकानात ढेप घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी भूल देण्यात येऊ लागली. “फुगा फुगवा,” भाऊजी हुकूम सोडत आणि मास्क गिऱ्हाइकाच्या नाकावर दाबत. मिशीवाले मोठाले शेतकरी निमूट फुगा फुगवत. आमचे हे दोन दिवस घुम्म होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात डोकावले तर गल्ल्यावर बसून हेच मास्कात फुंकत होते आणि भाऊजी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होते, “भेवू नको दादा. मी हावो ना.” त्या संध्याकाळी ह्यांनी स्वतःच विचारलं, “कधी बोलावलं म्हने?”

दुसऱ्या खेपेच्या सकाळी मी दह्याची वाटी भाऊजींना नीट हातात देऊन दाखवली. “आल्यावर.” त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग वाटीवर स्वतः ताटली झाकली, स्वतः फ्रिजमध्ये ठेवली, आणि फ्रिजचं दार दोनदा ओढून पाहिलं. “येतो,” त्या वाटीला म्हणाले.

दवाखान्यात त्यांचा नंबर पहिला लावला होता, उपाशीपोटी ताटकळायला नको म्हणून. अंगातला शर्टही काढायला लावला नाही. झोपल्यावर बदलू म्हणाले. सिस्टरपासून वॉर्डातल्या मामांपर्यंत सगळे त्यांना ‘भाऊजी’ म्हणत होते. माझा एकुलता एक दीर एका सकाळीत अख्ख्या दवाखान्याचा दीर झाला. मला हिरवा गाऊन चढवला, टोपी घातली. झोप लागेपर्यंत जवळ थांबायची परवानगी होती. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आल्यावर भाऊजी मटकन खाली बसले.

हलेनात. मी हात ओढला. “भाऊजी, उठा ना, लोक पाहून राह्यले.” बघा, एवढं होऊनही मला लोकांचंच पडलं होतं. आत सगळी तयारी झालेली, बाहेर भाऊजी फरशीवर पाय पसरून बसलेले, आणि माझ्या मनात आलं, संपलं. आता दवाखान्यातले लोक सुई देतील, धरून नेतील, आणि हा माणूस पुन्हा कोणाला जवळ येऊ देणार नाही.

डॉक्टरीणबाई आल्या आणि भाऊजींच्या शेजारी फरशीवर बसल्या. आपल्यात शेजारणी अंगणात बसतात तशा.

“काऊन बसले भाऊजी?”

भाऊजींनी वर बोट केलं. “लाल हाय.”

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. दारावर लाल दिवा लागलेला होता. त्या मोतीबिंदूंच्या धुक्यातून त्यांना माणसं दिसत नव्हती, पण तो दिवा दिसत होता. आणि लाल असताना पुढे जायचं नसतं, हे सिंदीच्या कुंपणाशी आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी शिकवायला हवं होतं का?

“बरोबर हाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लालवर नाही जायचं.” त्यांनी आत सांगून दिवा बंद करवला. भाऊजी तरी बसलेलेच.

“हिरवं?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई उठल्या. तिथल्या ट्रॉलीवर धुतलेल्या हिरव्या कापडांची चळत होती. त्यातलं एक त्यांनी उचललं, दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि हात उंच करून हलवलं. भाऊजींनी डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं. मग खिशातून आपला रुमाल काढला, तोही हलवला, आणि फरशीवर हात टेकून उठले. दारातून आत जाताना माझ्याकडे मान वळवून म्हणाले, “वयनी, सोडली.”

मास्क त्यांनी स्वतः नाकावर धरला. डॉक्टरीणबाईंनाच सांगितलं, “फुगा फुगवा.” चार-दोन फुगे झाले आणि रुमालावरची मूठ सैल पडली. मला बाहेर नेलं. दारावरचा लाल दिवा पुन्हा लागला.

बाकावर आमचे हे बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्या दिव्याकडे बघत राहिले. लाल आहे, थांबायचं. ह्यांनी एकदा विचारलं, “किती वेळ?” मी दिव्याकडे बोट केलं. दर वेळी दार हललं की ‘उठला नाई तं’ हे तीन शब्द आतून बाहेर यायचे आणि माझ्या मांडीवर बसायचे.

भूल दोनदा द्यायला नको म्हणून दोन्ही डोळे एकाच वेळी केले होते. जाग येण्याआधी मला आत बोलावलं, डोळे उघडताच ओळखीचं माणूस दिसावं म्हणून. डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या नव्हत्या. अंधार वाटला तर ओरबाडून काढतील म्हणून पारदर्शक वाट्या बसवल्या होत्या. हात डोळ्यांकडे जाऊ नयेत म्हणून कोपरांना कडक बाह्या चढवलेल्या, कोपर वाकतच नव्हतं. मानेखाली मऊ उशी. आणि मुठीत तो हिरवा रुमाल, कोणी काढला नव्हता. थोड्या वेळानं बोटं हलली. डोळे मिटलेलेच, पण रुमालाची घडी पडली. पुन्हा एक घडी. सिस्टर कागद वाचून बसलेली होती; ती लगेच उठली आणि सलाइनमधून दुखण्याचं औषध दिलं. माझ्या माणसाचं न बोललेलं दुखणं दुसऱ्या कोणाला कळलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग डोळे उघडले. छताकडे, दिव्याकडे, सिस्टरच्या टोपीकडे फिरले, आणि माझ्यावर येऊन थांबले. टोपीतून माझे केस बाहेर आले होते. ते त्यांनी बघितले, खूप बघितले. हात उचलला, पण कोपर वाकेना.

“वयनी,” घोगऱ्या आवाजात म्हणाले, “तुह्या केसाले पीठ लागलं. झटक ना.”

मी झटकलं. काय करणार? किती वर्षांनी पाहत होते ते मला. मधल्या काळात माझे केस कधी पांढरे झाले ते त्यांना दिसलंच नव्हतं. पुढे आठवडाभर ते रोज सकाळी मला आठवण करत, पीठ आहे अजून, नीट धू. आमचे हे हसून हसून पडायचे.

घरी पोचल्यावर आधी फ्रिज उघडण्यात आला. कडक बाह्यांमुळे हात तोंडाशी जात नव्हता, म्हणून दही मी भरवलं. आणि डोळे बरे झाल्यावर पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं कुंपणाशी गेलो. गाडी आली, डबे एकेक करून पुढे गेले, आणि शेवटच्या डब्याच्या दारात एक माणूस झेंडी घेऊन उभा होता. भाऊजींचा रुमाल वेळेवर वर गेला. झेंडी हलली. गाडी दूर जाऊन वळेपर्यंत भाऊजी रुमाल हलवत राहिले. मग म्हणाले, “आला.” एवढंच.

त्यानंतर पुष्कळ वर्षं ते रोज गाड्या सोडत राहिले. टाके पुन्हा सरळ पडले. आमचे हे गेले तेव्हा घरात रडणाऱ्या सगळ्यांच्या पाठीवरून भाऊजी एकेक करून हात फिरवत होते. “भेवू नको,” म्हणत होते, “मी हावो ना.”

आता तेही नाहीत. उन्हाळ्यातल्या एका दुपारी दुकानात पोत्याला टेकून बसले होते, तिथेच. दाभण हातात, टाका अर्धा. मी शेजारी पापड लाटायला गेले होते. हातावर दही घालायला उंबरठ्याशी कोणी नव्हतं, आणि ‘येतो’ म्हणवून घ्यायला मी नव्हते. या गोष्टीवर मी विनोद करून पाहिला, जमत नाही.

हिरवा रुमाल माझ्याकडे आहे. संध्याकाळी पाय कुरकुरत नसतील तर मी कुंपणापर्यंत जाते. नातवंडं चिडवतात, आजी गाडी सोडायला चालली. मालगाड्या आता पुष्कळदा गार्डच्या डब्याशिवायच जातात, मागे दिवा नुसता लुकलुकतो, झेंडी दाखवायला कोणी नसतं. पॅसेंजरला असतो माणूस, पण तो मोबाइलकडे बघत असतो. मी रुमाल काढत नाही. पदराआड नुसती त्याची घडी घालत उभी राहते. सुपारीएवढी झाली की घरी येते.

आणि मग मला भाऊजी जाण्याच्या दोन वर्षं आधीची एक सकाळ आठवते. तेव्हा माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन अगदी साधं, जागेपणी करायचं, तरी मी रात्रभर कूस बदलत होते. सकाळी चपला घातल्या आणि सवयीनं उंबरठ्याशी थांबले. सासूबाई नाहीत, हे नाहीत, माझ्या हातावर दही कोण घालणार? मागे वळून पाहिलं तर भाऊजी वाटी घेऊन उभे. मी हात पुढे केला. त्यांनी वाटी पटकन छातीशी धरली, ताटली झाकली आणि उंबरठ्यात मांडी घालून बसले. मी म्हटलं, “द्या ना भाऊजी थोडं, मले भेव वाटते.” त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मी त्यांना ‘येते’ म्हटलं आणि पायरी उतरले. मागून त्यांनी मला हाक मारली:

“वयनी, लाल असन तं थांबजो. हिरवं झालं का जाजो. दही मी धरून बसतो. तू ये, मंग देतो.”